तुरीवरचा सोजीर

प्रश्न : आमचं घर बेसा भागात आहे. मागच्या आवारात थोडी तूर, दोन अंबाडीची झाडं आणि फुलावर आलेला सांबार आहे. दसऱ्यापासून तुरीच्या फुलांवर काळे भुंगेरे येऊन बसताहेत, पाठीवर केशरी पट्टे असलेले. मुलानं फोटो काढून मोबाइलमधल्या अॅपला विचारलं, तर उत्तर आलं, 'सोल्जर बीटल'. शेतकऱ्याचा मित्र आहे, मावा खातो, असंही खाली लिहिलं होतं. पण हा तर माझी फुलंच खातोय! सैनिक आहे म्हणून लूट माफ असते का?
(एक वाचक, बेसा, नागपूर)

उत्तर : फोटो पाहिला. लूट माफ नाही, आणि तो सैनिकही नाही. अॅपनं चुकीच्या माणसाला गणवेश चढवला आहे. तुमच्या तुरीवर बसलाय तो हिंग्या. कृषी खात्याच्या पत्रकांत 'हिंगे' किंवा 'ब्लिस्टर बीटल' म्हणून ज्याचा उल्लेख असतो तोच. शास्त्रीय नाव मायलॅब्रिस पुस्टुलाटा. जवळपास इंचभर लांब, मान बारीक, डोकं खाली झुकलेलं, मिशांची टोकं गदेसारखी जाड. काळ्या पाठीवर खांद्याशी एकेक केशरी ठिपका आणि त्यामागं दोन नागमोडी पट्टे. तुमच्या फोटोत हे सगळं स्वच्छ दिसतंय. पुढचं वाचण्याआधी एक सांगतो : त्याला उघड्या हातानं उचलू नका, आणि मुलालाही उचलू देऊ नका.

आमच्या दारातल्या जास्वंदीवर गेल्या ऑक्टोबरात यांचा मुक्काम होता. सकाळी चहाचा कप घेऊन मी शेजारी मोडा टाकून बसायचो. हिंग्या फुलात घाई करत नाही. पाकळीच्या कडेपासून सुरुवात करतो आणि आपण पोळी कुरतडत खावी तसा आत आत सरकत जातो. अर्ध्या तासात पाकळीला झालर लागलेली. शेजारून मधमाशी आली, मुंग्या फिरल्या, एकदा तर दयाळ पक्षी हातभर अंतरावर येऊन बसला, तरी गडी ढिम्म. ज्याला कुणाची भीती नाही तोच असा जेवतो. मग मी काडीनं जरासं डिवचलं. त्यानं पाय आखडले, फुलातून टपकन खाली पडला आणि मेल्याचं सोंग घेऊन राहिला. वाकून पाहिलं तर पायांच्या गुडघ्यांशी पिवळट थेंब आले होते. ते त्याचं रक्त. धोका वाटला की तो मुद्दाम सांध्यांतून रक्त काढतो, आणि त्या रक्तात कँथरिडिन नावाचं विष असतं. कातडीला लागलं की त्या वेळी काही कळत नाही. काही तासांनी मात्र तिथं पाण्यानं भरलेला फोड उठतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. काटोलकडे आजोळच्या वावरात मी आठ-नऊ वर्षांचा असताना असले पाच-सहा हिंगे मुठीत धरून धुऱ्यावरून पळत आलो होतो, आजीला दाखवायला. आजीनं मूठ सोडायला लावून हात राखेनं खसाखसा घासला, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी तळहाताच्या कडेला द्राक्षाएवढा फोड. शाळेत मी तो चार दिवस मिरवला. (पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली बसल्यावर मानेवर लांबट, भाजल्यासारखा चट्टा उठतो तो हिंग्याचा नव्हे. तो पीडेरस नावाचा दुसराच बारका किडा, अंगावर चिरडला गेला की चट्टा उमटवतो. दोघांची गल्लत नेहमी होते.)

आता खरा सोल्जर बीटल. जुन्या मराठीत गोऱ्या शिपायाला 'सोजीर' म्हणत. मला हा शब्द भुंगेऱ्याला फार शोभतो, म्हणून इथं तोच वापरतो. कँथरिडी हे त्याचं कुळ, जगभरात ५००० हून अधिक जाती. नाव ऐकून चिलखत घातलेला कुणी दांडगा डोळ्यांपुढं येतो. प्रत्यक्षात या कुळाचं वैशिष्ट्य नेमकं उलटं : चिलखतच नाही. भुंगेऱ्यांचे पुढचे दोन पंख टणक होऊन त्यांची पेटी बनते. शेणकिड्याची पाठ नखानं वाजवून पाहिली असेल तर कळेल. सोजिराचे हे पंख मऊ, पातळ, चामड्याच्या पट्टीसारखे. अमेरिकेत तर त्याला 'लेदरविंग' म्हणजे चामडपंखी म्हणतात. अंग लांबट, चपटं, दोन्ही कडा समांतर. मिशा दोऱ्यासारख्या लांब, एकसारख्या जाडीच्या. तुमच्या मुलानं एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे : मिशीच्या टोकाला गाठ दिसली तर हिंग्या, दोरा दिसला तर सोजीर असू शकतो.

सोजीर मी पहिल्यांदा पाहिला तो गढवालच्या डोंगरात, पावसाळ्याच्या तोंडावर. वाटेच्या कडेला गाजरगवतासारखं नव्हे, खऱ्या गाजराच्या जातीचं काहीतरी फुललं होतं, पांढऱ्या छत्र्यांसारखी फुलं. प्रत्येक छत्रीवर दोन-तीन नारिंगी भुंगेरे. कुणी परागकण चाटतोय, कुणी मध पितोय, आणि निम्मे जोडीत. जोडीतली मादी खाणं सोडत नव्हती. पाठीवरच्या नराला घेऊनच ती एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जात होती. एकाला मी बोटावर घेतलं. काही टोचलं नाही, फोड आला नाही. बोटावर तो अगदी हलका लागला, ओल्या कागदाच्या कपट्यासारखा. टोकापर्यंत चालत गेला, पंखाची झाकणं उचलली आणि हेलिकॉप्टर निघावं तसा जरा डुगडुगत उडाला.

आपल्या देशात हे कूळ मुख्यतः दमट डोंगराळ जंगलांत, हिमालयाच्या उतारांवर आणि ईशान्येकडं रमतं. नागपूरच्या भाजून निघणाऱ्या पठारावर त्याला शोधायला निघालात तर बहुधा रिकाम्या हातानं परताल. पण त्याची आवड तुमच्या आवारात आहे. गाजर, बडीशेप, ओवा, शोपा या घराण्याची छत्रीसारखी फुलं त्याला प्रिय, आणि तुमचा सांबार त्याच घराण्यातला. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे. या खुलाशावरून आमच्याकडे दरवर्षी दोन पत्रं येतात.)

त्यानं चिलखत का टाकलं, हा प्रश्न मला सगळ्यांत गोड वाटतो. ते पेलायचं तर उडणं जड होतं आणि फुलाफुलांवर फिरणाऱ्याला उडणं हवंच. मग संरक्षण कसं? त्याच्या छातीशी आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना बारीक ग्रंथी असतात. छेडलं की त्यांतून पांढरट द्रव झिरपतो. थॉमस आइस्नर आणि जेरॉल्ड माइनवाल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एका सोजिराच्या या द्रवातलं आम्ल वेगळं काढलं. भक्षकाला ते इतकं नकोसं असतं की तो तोंडात घेतलेला सोजीर थुंकून टाकतो. म्हणजे याच्याकडं ढाल नाही, तलवारही नाही. चव वाईट आहे, एवढंच. ज्याची चव वाईट त्यानं लपायचं कशाला? त्यानं भडक दिसायचं. थुंकणाऱ्याच्या तो रंग लक्षात राहायला हवा.

त्याचं बालपण मात्र अगदी वेगळं जातं. अळी मातीत, पालापाचोळ्याखाली राहते आणि अंगावर दाट मखमली लव असते. त्या लवेमुळं पाणी अंगाला चिकटत नाही. युरोपात भर थंडीत जमीन भिजली की या काळ्या मखमली अळ्या कधीकधी बर्फावर चालताना दिसतात आणि लोक त्यांना 'बर्फातले किडे' म्हणतात. खाणं शिकारीचं : मऊ अंगाचे किडे, त्यांची अंडी, गांडुळं, शेंबड्या गोगलगायी. प्रौढ झाल्यावर मध, परागकण आणि मधूनमधून मावा. तेव्हा अॅपचं 'मावा खातो' हे वाक्य खरंच आहे, फक्त चुकीच्या फोटोखाली चिकटलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीचे सोजीर तर हजारोंच्या झुंडीनं एकाच झाडावर उतरतात, इतके की त्यांच्या वजनानं फांद्या वाकतात.

आणि एक भुताची गोष्ट. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात एका सोजिराला बुरशीचा रोग होतो. बुरशी आत वाढत गेली की शेवटच्या घटकेला तो भुंगेरा एखाद्या फुलाला जबड्यानं घट्ट चावा घेतो आणि तसाच मरतो. लटकलेला राहतो. मरून पंधरा ते बावीस तास झाले की, बहुतेकदा पहाटेच्या सुमारास, त्या मेलेल्या भुंगेऱ्याचे पंख आपोआप उघडतात, उडायच्या तयारीत असावेत तसे. आत फुगलेल्या बुरशीनं ते उचललेले असतात. पोट उघडं पडतं, बीजाणू मोकळे होतात, आणि त्याच फुलावर मधासाठी येणारा पुढचा सोजीर त्यांच्या तावडीत सापडतो. २०१७ मध्ये यावर शोधनिबंध आला. तो वाचल्यापासून फुलावर पंख पसरून स्तब्ध बसलेला कुठलाही किडा दिसला की मी आधी तो जिवंत आहे ना हे बघतो.

आता अॅपच्या गल्लतीकडं. गल्लत फक्त अॅपचीच आहे असं नाही. ती अडीचशे वर्षं जुनी आहे. ग्रीक भाषेत 'कँथरिस' म्हणजे फोड आणणारा किडा, आपल्या हिंग्याचा युरोपीय भाऊबंद. वैद्य तो वाळवून, कुटून औषधात घालत. १७५८ मध्ये लिनियसनं प्राण्यांची नावं पक्की करताना 'कँथरिस' हे नाव बिचाऱ्या निरुपद्रवी सोजिराला दिलं. औषधवाले मात्र जुन्याच किड्याला कँथरिस म्हणत राहिले. १८१० मध्ये फ्रान्समध्ये पिएर रोबिके यानं 'स्पॅनिश माशी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिरव्या फोड-भुंगेऱ्यातून ते विष वेगळं केलं आणि त्याला पुढं नाव पडलं कँथरिडिन. म्हणजे आजची स्थिती अशी : कँथरिडी कुळात कँथरिडिन नाही, आणि ज्याच्यात आहे तो कँथरिडी कुळातला नाही. घरात होमिओपॅथीची जुनी लाकडी पेटी असेल तर उघडून बघा, 'कँथरिस' लिहिलेली एक बाटली हमखास सापडेल. तीही सोजिराची नव्हे, स्पॅनिश माशीची.

दुसरं कारण रंगाचं. लाल-केशरी आणि काळा हा जोड किड्यांच्या दुनियेत अनेकांनी वाटून घेतला आहे. फ्रिट्झ म्युलर नावाचा जर्मन माणूस ब्राझीलमध्ये राहत होता. त्यानं १८७८ मध्ये याचा हिशेब मांडला : बेचव किड्यांनी वेगवेगळे रंग घेतले तर पक्ष्याच्या पोराला प्रत्येक रंग वेगळा शिकावा लागेल आणि दरवेळी एकेक किडा जिवानिशी जाईल. सगळ्यांनी एकच रंग घेतला तर एका धड्यात काम भागतं, आणि फीही सगळ्यांत वाटली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावरीखाली उभं राहून पाहा. लाल-काळे ढेकणासारखे किडे जोडीजोडीनं, शेपटीला शेपटी लावून, एक पुढं ओढतोय आणि दुसरा मागं फरफटत जातोय. ते कपाशीवरचे तांबडे ढेकूण. विदर्भातल्या कापूसवाल्याला त्यांची ओळख सांगायला नको. त्यांचा सोजिराशी काडीचा संबंध नाही, ते भुंगेरेही नव्हेत. पण तुमच्या मुलाच्या अॅपपुढं ठेवा, तेही सैनिक होतील.

सोजिराचा खरा नातलग पाहायचा असेल तर पहिल्या पावसाच्या आगेमागे रात्री जंगलाकडं जा. काजवा हा त्याचा चुलतभाऊ. तोही मऊ पंखांचा, त्याचीही अळी गोगलगायी खाणारी, त्याचीही चव वाईट. फक्त तो सूचना रंगानं न देता दिव्यानं देतो. फरक डोक्यात : काजव्याचं डोकं वरून पाहिलं तर मानेच्या ढालीखाली झाकलेलं, सोजिराचं उघडं. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली ती ताऱ्यांसाठी. पण अंधार राखला तर काजव्यांचीही सोय होते.

राहता राहिला तुमचा प्रश्न, हिंग्या मित्र की शत्रू. प्रौढ हिंग्या तुमच्या फुलांचा शत्रूच. तूर, मूग, उडीद, भेंडी, अंबाडी, जास्वंद, त्याला सगळं चालतं आणि फूल गेलं की शेंग गेली. पण त्याची मादी अंडी मातीत घालते. त्यातून निघालेली अळी लांब पायांची, तुरुतुरु पळणारी असते आणि ती जमिनीत पुरलेल्या नाकतोड्याच्या अंड्यांचा पुंजका हुडकून काढते. एकदा सापडला की आतच मुक्काम. अंडी खात ती जाड, आळशी, जवळपास बिनपायाची होत जाते. एकाच किड्याच्या लहानपणीच दोन वेगळे अवतार! म्हणजे बापानं फुलं खायची आणि लेकरानं तुमच्या शेतातले नाकतोडे कमी करायचे. शिवाय हिंग्या माळढोकाच्या खाण्यात असतो. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या बाजूला हा पक्षी दिसायचा. ज्या विषानं माझ्या हाताला फोड आला ते तो पक्षी नाश्त्यात पचवायचा.

प्रश्न : काका, सोल्जर बीटलला सोल्जर का म्हणतात? माझे बाबा फौजेत आहेत. त्यांचा ड्रेस तर हिरवा आहे.
(इयत्ता सातवी, कामठी)

उत्तर : तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. हे नाव इंग्रजांनी दिलं आणि त्या काळी त्यांच्या फौजेचा डगला लालभडक असायचा. इंग्लंडच्या शेतांतला एक सोजीर तसाच लाल आहे. तिथं निळसर-काळ्या जातींना तर 'सेलर', म्हणजे खलाशी म्हणायचे, कारण आरमाराचा गणवेश निळा! सीताबर्डीच्या टेकड्या तू पाहिल्या असशील. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी तिथं अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीच्या मद्रासी पलटणी यांच्यात लढाई जुंपली, ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. त्या पलटणींतले शिपाई आपल्याच देशातले, पण डगले लाल. बर्डीच्या टेकडीवरून ते किती लांबून दिसत असतील, विचार कर.

तेव्हाच्या बंदुका जवळून मारायच्या आणि धुरात आपला कोण, परका कोण कळत नसे, म्हणून भडक रंग चालून जायचा. बंदुका लांबचा नेम घेऊ लागल्या तसा लाल डगला महागात पडायला लागला. मग पेशावरकडच्या 'गाइड्स' पलटणीनं मातीचा रंग घेतला. 'खाक' म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. पुढं जंगलात लपण्यासाठी हिरवा आला. तुझ्या बाबांचा गणवेश सांगतो, 'मी इथं नाहीच.' भुंगेऱ्याचा गणवेश सांगतो, 'मी इथंच आहे, खाऊन तर बघ.' आणि एक गंमत. आपण मराठीत ज्याला ढालकिडा म्हणतो तो लाल, गोल, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा, म्हणजे लेडीबर्ड. त्याची पाठ खरंच ढालीसारखी. इंग्रजांनी ढाल नसलेल्याला शिपाई केलं, आपण ढाल असलेल्याला ओळखलं. शाळेत भाषेच्या बाईंना सांग, खूष होतील.

प्रश्न : आमच्या दोन एकर तुरीत हे पट्टेवाले किडे आहेत. फवारणी करावी का?
(एक शेतकरी, हिंगणा)

उत्तर : दहा-वीस झाडांवर तुरळक असतील तर फवारणीचा खर्च करू नका, त्याच फुलांवर मधमाश्याही येतात. पहाटे हिंगे थंडीनं सुस्त असतात. तेव्हा बादलीत साबणाचं किंवा थोडं रॉकेल टाकलेलं पाणी घ्या, फांदीखाली धरा आणि फांदी झटका. टपाटप पडतात, मेल्याचं सोंग घ्यायची त्यांची सवय इथं आपल्या कामी येते. बांधावरची अंबाडी आणि भेंडीही झटका, नाहीतर दुपारी तिथून परत येतील. शेत भरून असतील तर मात्र कृषी सहायकांना दाखवून मगच औषध ठरवा. झटकलेले किडे चाऱ्यात पडू देऊ नका. अमेरिकेत वाळल्या गवतात हे किडे राहिल्यानं घोडे दगावले आहेत.

आणि हातमोजे घाला, बाही खाली ओढा. आमची आजी उघड्या हातानं कडुनिंबाच्या डहाळीनं ते मडक्यात पाडायची आणि तिला कधी फोड आला नाही. तिच्या तळव्यांना पन्नास वर्षांच्या खुरप्याचे घट्टे होते.